भावकी बघून केलेली भागीदारी

जुन्नर तालुक्यातल्या आणे गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी ज्याने खाल्ली नाही असा माणूस आणे पठारावर शोधून सापडायचा नाही. मोठमोठ्या कढयांत आमटी रटरटत असते, भाकरी आजूबाजूच्या गावांतल्या घराघरांतून येतात, आणि पंगतीला बसलेल्याला ‘तू काय आणलंस?’ असं कुणी विचारत नाही. विचारूही नये. पण पंगतीची ही रीत आपण जशीच्या तशी धंद्यात नेली आणि तिथे तिने घरंच्या घरं रस्त्यावर आणली.

पठार कोरडं. कुकडीच्या पाण्याने खालचा जुन्नर बागायती झाला. ते पाणी आणे, नळवणे, पेमदऱ्याला वर चढलं नाही. शेतीवर भागेना म्हणून माणूस धंदा बघतो. आळेफाट्याला एखादा गाळा, माल वाहायला पिकअप, पोल्ट्रीचं शेड, नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोची खरेदी. एकट्याचं भांडवल पुरत नाही, म्हणून भागीदार लागतो. त्यात गैर काही नाही. पण हा भागीदार आपण निवडतो कसा? सोयरीक जमवतो तसा! आधी जात बघायची, मग भावकी, मग गाव. त्याच्या डोक्यावर कर्ज किती, पतसंस्थेत तो कुणाकुणाला जामीन राहिलाय, मागचा धंदा का बसला, यातलं एक अक्षर विचारायचं नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तर!’ आणि बाकीचे चारजण विचारणाऱ्यालाच गप्प करतात.

भरवसा या नावाखाली आपण आळस आणि भीड दोन्ही झाकतो. भाव चढला की भागीदार व्हायला रांग लागते. २०२३च्या जुलैत नारायणगावात टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. सप्टेंबरात भाव मातीमोल झाला. अशा पडत्या काळात कोण किती तोटा सोसणार, हे चढत्या काळात लिहून ठेवलेलं असतं का? बहुतेकांचा करार तोंडी. फार तर स्टॅम्प पेपरवर चार ओळी, त्याही दुसऱ्या कुणाच्या करारावरून उतरवलेल्या. १९३२चा भागीदारी कायदा मात्र भीड ओळखत नाही. त्याचं २५वं कलम सांगतं की भागीदार असताना फर्मच्या नावावर जे देणं झालं, त्याला सगळे भागीदार मिळून आणि एकेकटेही जबाबदार. म्हणजे तुमच्या मेहुण्याने फर्मच्या नावावर उचललेल्या उधारीपायी सावकार तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकतो. ६९वं कलम आणखी कडक आहे. फर्म नोंदलेली नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदाराला भागीदारावर दावाही लावता येत नाही. भावकीवर विसंबून नोंदणी न करणाऱ्याला कोर्टाच्या पायरीवरूनच परत फिरावं लागतं.

पण खरा अन्याय याच्याही पलीकडचा आहे आणि त्याबद्दल आपण सगळे मिळून मुके आहोत. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म विसर्जित होते. देणी फेडून उरेल त्यात त्याच्या वारसांचा वाटा असतो. कायदा असं म्हणतो. गाळ्यावर काय होतं? तेरावं उरकून त्याची बायको एका मुलाला बरोबर घेऊन जाते. तिला खुर्ची देतात, चहा मागवतात, आणि मग काल-परवापर्यंत ‘वहिनी, वहिनी’ करणारा दीर मान खाली घालून सांगतो, ‘वहिनी, दादाने त्याचं भांडवल आजारपणातच उचललं होतं.’ वही बघायला मागितली की वही येते. पानोपानी ‘किरकोळ खर्च’, ‘किरकोळ खर्च’. कुणाचा, कशाचा, कुणाच्या सहीने, काही नाही. ती वही मिटते आणि उठते. गावात कुणी त्या दिराला जाब विचारतं का? उलट ‘बाई कोर्टकचेरी करणारी आहे’ म्हणून तिलाच नाव ठेवतात. याच बाईच्या अंगावरचे दागिने मोडून त्या गाळ्याची अनामत भरलेली असते. कर्जाच्या कागदावर तिची सही चालते. नफ्याच्या वाटणीला ती बसलेली मी तरी पाहिली नाही.

ज्याच्याबद्दल आपण असेच मुके आहोत असा दुसरा माणूस म्हणजे धंदा खरा ओढणारा. पिकअपचा ड्रायव्हर, मोटारी दुरुस्त करणारा, मालाची पारख असलेला हमाल. त्याच्या हाताला कसब आहे, बाजारात ओळख आहे, दहा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. तरी भागीदारीचा विषय निघाला की त्याचं नाव कुणाच्या ओठावर येत नाही, कारण तो आपल्यातला नाही. त्याची जात सांगायची गरजच पडत नाही, सगळ्यांना ठाऊक असते. आपल्यातल्या ऐतखाऊला चार आणे हिस्सा मिळतो आणि त्याला पगार, तोही उशिरा.

जातीची रीत मोडणं इथे नवं नाही. याच जुन्नर तालुक्यात ओतूरला १८८४मध्ये बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीशिवाय लग्न लावलं. ग्रामजोशांनी हक्कासाठी दावा लावला, वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला, तरी सत्यशोधक मागे हटले नाहीत. ज्यांच्या सत्यशोधक समाजाचे हे लोक, ते जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचा कारभार बघत होते. त्यांच्या समाजाचे मुंबईतले खांब कोण? व्यंकू बाळोजी कालेवार, जाया कराडी लिंगू यांच्यासारखी तेलुगू माणसं. फुल्यांनी सोबती जोडताना जात विचारली नाही, भाषाही विचारली नाही. (आज त्यांचे फोटो गाळ्यात लावणारेच भागीदाराची पोटजात विचारतात, हे जाता जाता.)

ज्यांना सुधारणेपेक्षा नफ्याची भाषा जवळची वाटते त्यांनी सोलापूरकडे बघावं. वालचंद हिराचंद हे तिथल्या गुजराती जैन व्यापारी घराण्यातले. त्यांनी भागीदार घेतला लक्ष्मणराव फाटक यांना. हे ब्राह्मण गृहस्थ, आधी रेल्वेत कारकून. एकाकडे भांडवल, दुसऱ्याला रेल्वेच्या कामाची खडान्‌खडा माहिती. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून ‘फाटक-वालचंद’ हे नाव झालं, आणि पुढचा बांधकामाचा सगळा पसारा तिथून उभा राहिला. वालचंदांना जातीतला भागीदार मिळाला नसता असं थोडंच आहे?

तेव्हा या पाडव्याला नवं दुकान उघडणार असाल तर नारळ फोडायच्या आधी भागीदाराची कर्जं विचारा आणि आपली न विचारता सांगा. धंदा ओढणाऱ्याला वाटा द्या. करारात तोट्याची वाटणी लिहा, भागीदार गेल्यावर त्याच्या बायकोला काय आणि किती दिवसांत मिळणार तेही लिहा, आणि तो कागद तिला वाचून दाखवा. भागीदारी संस्था निबंधकांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे फर्म नोंदवा. हे ऐकून जो भागीदार रुसेल, त्याला आमटी-भाकरीला जरूर बोलवा. गाळ्यावर मात्र बसवू नका.