वायदा दोन वर्षांचा

पतसंस्थेत वाहनकर्जाचं टेबल माझ्याकडे आहे, त्यामुळे इलेक्ट्रिक गाड्यांची किंमत मला जाहिरातीतून नाही, कोटेशनमधून कळते. आणि कोटेशन मी खालून वर वाचते. वर ठळक अक्षरात एक्स-शोरूम. खाली विमा, हँडलिंग, ॲपच्या सोयींचं वेगळं पॅक, वाढीव वॉरंटी. ‘लाखाची स्कूटर’ म्हणत आलेला माणूस अर्जात सव्वा लाख लिहितो. मध्यंतरी तर चार्जरसुद्धा वेगळा धरायचे. अनुदानासाठी ठरलेली किमतीची मर्यादा ओलांडू नये म्हणून ही युक्ती होती. २०२३ मध्ये सरकारने हटकल्यावर चार मोठ्या कंपन्यांना चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करायचं कबूल करावं लागलं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं, जास्तीत जास्त दोन वर्षांत इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोलच्या गाड्यांच्या किमतीला येतील. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा दोन वर्षं. मार्च २०२५ मध्ये सहा महिने. त्याच ऑक्टोबरात चार ते सहा महिने. आमचा एखादा थकबाकीदार असे वायदे देऊ लागला की आम्ही जामीनदाराला फोन लावतो.

बॅटरी स्वस्त झाली हे खरंच आहे. पण दुचाकीवरचं केंद्राचं अनुदान जून २०२१ मध्ये बॅटरीच्या किलोवॅट-तासाला १५,००० रुपये होतं, जून २०२३ मध्ये १०,००० झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये ५,०००. बॅटरीने दिलेलं बरंचसं तिथेच गेलं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के २०१९ पासून आहे तिथेच. पेट्रोलची गाडी स्वस्त झाली याचं मला वाईट वाटत नाही, आमचे निम्मे कर्जदार तीच घेतात. पण बरोबरीची तारीख देणाऱ्या सरकारनेच बरोबरी लांबवली. त्या कपातीनंतर पेट्रोलची टियागो साडेचार लाखांच्या आसपास सुरू होत होती, इलेक्ट्रिक टियागो आठ लाखांच्या आसपास.

इलेक्ट्रिक चालवायला ‘किलोमीटरला पंचवीस पैसे’ या हिशेबात आणखी एक गोष्ट धरत नाहीत: पेट्रोलच्या गाडीपेक्षा वरची जादा रक्कम कर्जाने आली तर तिला व्याज लागतं. रोज गावोगाव फिरणाऱ्या दूधवाल्याचे ते पैसे वाचलेल्या पेट्रोलमधून वसूल होतात, त्याची फाईल मी डोळे झाकून पुढे सरकवते. घर ते शाळा एवढीच स्कूटर चालवणाऱ्या गुरुजींना मात्र मी आधी कागदावर आकडेमोड करून दाखवते. मग त्यांची मर्जी.

मंत्र्यांनी तारखा देणं थांबवलं तरी चालेल. अनुदान कोणत्या महिन्यात किती कमी होणार, ते वर्षभर आधी छापा आणि मग बदलू नका. डीलरने ऑन-रोड किंमत पहिल्या ओळीत लिहावी. वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी आजच्या भावाने केवढ्याला पडेल, हेही मी आता कोटेशनवर लिहून मागते. बहुतेक जण ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणतात.