घरातील बिनतारी जोडणी आणि पडद्यावरची मराठी

सीमाभागातील भाषेचा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक जागा उभ्या राहतात : तहसील कचेरीतील अर्ज, शाळेतील माध्यम, रस्त्यावरील फलक, सात-बाराचा उतारा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण या जागांसाठी निवेदने दिली, मोर्चे काढले, खटले चालवले. तो लढा योग्यच होता आणि आजही आहे. परंतु गेल्या काही वर्षांत भाषेचा निर्णय होण्याची आणखी एक जागा आपल्या घरात निर्माण झाली आहे आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. घरात इंटरनेटची पेटी बसते, लॅपटॉप तिला बिनतारी जोडला जातो, त्या दिवशी त्या घराच्या पडद्याची भाषा ठरते. ती बहुधा मराठी नसते आणि ती ठरवणारे आपण नसतो. या एका जागेवर कोणत्याही शासनाची परवानगी लागत नाही, तरीही ती आपण न मागताच सोडून देतो, हे आमचे म्हणणे आहे.

त्या दिवशी काय घडते ते पाहू. फायबरची तार घरात येते. कंपनीचा माणूस भिंतीवर पेटी ठोकतो, आपल्या सोयीने तिला एखादे इंग्रजी नाव देतो, कागदाच्या तुकड्यावर पासवर्ड लिहून देतो आणि अर्ध्या तासात पुढच्या घरी जातो. त्याचा यात दोष नाही; त्याला दिवसभरात अनेक घरे उरकायची असतात. लॅपटॉप कारखान्यातून इंग्रजीत आलेला असतो, तो तसाच राहतो. घरातील मुले त्याच पडद्यावर अभ्यास करू लागतात, आजी-आजोबा नातवाच्या मदतीशिवाय त्याला हात लावत नाहीत, आणि वर्षभराने कोणी विचारले तर उत्तर मिळते, ‘मराठीत होत नाही हो ते.’ होते. फक्त कोणी तरी करावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. अनेक संकेतस्थळे आपण कोठून जोडले गेलो आहोत यावरून आपली भाषा ताडतात. बेळगाव, निपाणी, भालकीचा माणूस कन्नडभाषक, इंदूर-ग्वाल्हेरचा हिंदीभाषक, बडोद्याचा गुजराती, हैदराबादचा तेलुगू, असे हे गणित आहे. राज्य म्हणजे भाषा हे समीकरण ज्याने आपल्याला इतकी वर्षे छळले, तेच आता जाहिराती आणि सूचना यांच्या रूपाने घराच्या बैठकीत येऊन बसले आहे.

गंमत अशी की, संगणकाच्या मूळ रचनेत हे समीकरण नाही. संगणकाच्या जगात प्रत्येक भाषेला एक छोटी खूण असते. मराठीची खूण ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे, आणि तिच्यापुढे देशाची खूण ‘आयएन’, म्हणजे भारत. या खुणेत महाराष्ट्राचा उल्लेख नाही. यंत्राच्या लेखी मराठी ही भारताची भाषा आहे; ती खानापुरात जितकी ग्राह्य तितकीच पुण्यात. आपली ओळख राज्याच्या सीमेवर अडवली जात नाही अशी ही दुर्मीळ नोंदवही आहे. तिच्यात आपले नाव घालणे एवढेच काम उरते. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने सांगतो.

प्रथम पेटीची जागा. ही पेटी, जिला सारे राउटर म्हणतात, बहुधा दाराजवळ बसवली जाते, कारण तार तेथून येते. बिनतारी लहरींना मात्र घराचा मध्य आणि थोडी उंची मानवते. खानापूर, कारवार, गोवा या पट्ट्यातील जुन्या घरांच्या जांभ्याच्या जाड भिंती, तसेच देशावरील काळ्या दगडाचे वाडे या लहरी बऱ्याच शोषून घेतात. लोखंडी कपाट आणि पत्रा त्यांना अडवतात. म्हणून तार चार हात अधिक घ्यावी लागली तरी घ्यावी. बहुतेक नव्या राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, भिंती बऱ्यापैकी ओलांडतात, पण त्यांचा वेग कमी असतो आणि मायक्रोवेव्ह भट्टी चालू असली की त्यांत व्यत्यय येतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकतात. लॅपटॉप राउटरच्याच खोलीत असेल तर दुसरी निवडावी, माजघर ओलांडून जायचे असेल तर पहिली.

दुसरे, जोडणीचे नाव. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता छापलेला असतो. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असा असतो. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो टंकला, अर्थात इंग्रजी आकड्यांत, की राउटरचे अंतरंग उघडते. तेथे जोडणीचे नाव बदलता येते, आणि ते देवनागरीत देता येते. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. नावासाठी ३२ बाइटांची जागा असते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि जोडाक्षरातील हलन्तालाही तीन लागतात. म्हणजे आपल्या वाट्याला दहा चिन्हे आली. ‘बेळगाव’ १८ बाइटांत बसते, ‘सीमाभाग’ २१ मध्ये. ‘महाराष्ट्र’ची चिन्हे मोजली तर बरोबर दहा भरतात, म्हणजे ३० बाइट. ‘ज्ञानेश्वरी’ला मात्र ३३ लागतात, एका बाइटाने ती बाहेर राहते. काही जुने राउटर देवनागरी नाव स्वीकारत नाहीत किंवा ते विस्कटून दाखवतात, तेव्हा आग्रह सोडावा. पण जेथे जमते तेथे जरूर द्यावे. हे नाव शेजारच्या दहा घरांतील फोनवर उमटते. ती आपल्या घराची पाटीच आहे. कर्नाटकात व्यापारी आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचे बंधन आहे. घरातून निघणाऱ्या या अदृश्य पाटीवर तसे कोणतेही बंधन नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी : या नावात आडनाव, घरक्रमांक वा फोन क्रमांक घालू नये.

तिसरे, परवलीचा शब्द. पासवर्डला मराठीत हा जुना, पहारेकऱ्यांच्या तोंडचा शब्द आहे, आणि तो अर्थाने तंतोतंत बसतो. घरात असे दोन शब्द असतात, हे पुष्कळांना सांगितलेलेच नसते : एक बिनतारी जोडणीचा, जो पाहुण्यांना देतात, दुसरा राउटरचे अंतरंग उघडण्याचा, जो कोणालाही देऊ नये. कारखान्यातून आलेला दुसरा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. सुरक्षेच्या प्रकारांत ‘डब्ल्यूपीए-३’ दिसत असेल तर तो, नाहीतर ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावा. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार आता सहज फोडता येतो. जोडणीचा परवलीचा शब्द देवनागरीत ठेवता येत नाही. नेहमीच्या पद्धतीत त्याला ८ ते ६३ रोमन अक्षरे, आकडे व चिन्हेच चालतात. पण लिपी रोमन असली तरी शब्द आपले असू शकतात. उखळ, तिकीट, भोपळा, पागोळी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांची रोमन अक्षरांतील माळ आठ अक्षरी इंग्रजी शब्दापेक्षा कितीतरी अभेद्य असते, आणि आजीच्याही ध्यानात राहते. प्रसिद्ध म्हण किंवा अभंगाची ओळ मात्र टाळावी. जे सर्वांना पाठ असते ते चोरालाही पाठ असते.

चौथे, खुद्द लॅपटॉप. विंडोज प्रणालीत सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा हा विभाग असतो. तेथे ‘भाषा जोडा’ निवडून मराठी घ्यावी. जोडणी नुकतीच झालेली असल्याने आवश्यक भाग तेथल्या तेथे उतरवून घेता येतात. म्हणूनच हे काम त्याच दिवशी करावे असे आम्ही म्हणतो. मराठी घेतल्यावर कळफलकही मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसची लांब कळ एकत्र दाबली की इंग्रजीवरून मराठीवर आणि परत असे जाता येते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्येही भाषांची यादी असते. तिच्यात मराठी सर्वांत वर न्यावी. ब्राउझर ही यादी प्रत्येक संकेतस्थळाला उघडताक्षणी कळवतो. हे संकेतस्थळ मराठीत असेल तर ते मराठीत उघडण्याची शक्यता वाढते, आणि नसेल तरी ‘येथे मराठी वाचक आला होता’ ही गोष्ट त्या स्थळाच्या चालकांना कळू शकते. वर्षाकाठी एक निवेदन देणाऱ्या घराकडून रोज शेकडो निवेदने जाऊ लागतात, तीही बिनबोभाट. फायबर न पोहोचलेल्या खेड्यात फोनवरून लॅपटॉप जोडणाऱ्यांनाही लॅपटॉपची ही सर्व पथ्ये तशीच लागू आहेत.

कळफलकाबाबत एक गोष्ट सीमाभागासाठी विशेष मोलाची आहे. भारतीय भाषांसाठी केलेल्या इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकात एका ध्वनीची जागा सर्व लिप्यांत जवळजवळ सारखीच आहे. जी कळ मराठीत ‘क’ उमटवते तीच कन्नडमध्ये कन्नडचा ‘क’ उमटवते. मराठी शाळेतील मुलाने हा कळफलक एकदा आत्मसात केला की कन्नड लिपी वाचता येणाऱ्या त्या मुलाला कन्नड टंकनासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही. मुलाला मराठीत बसवले तर तो व्यवहारात मागे पडेल, ही भीती पालकांच्या मनात घालणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. कन्नडशी आमचे वैर नाही. आपल्या घरात आपली भाषा पहिली असावी एवढाच आग्रह आहे, आणि तो कन्नड शेजाऱ्यानेही आपल्या घरात धरावा असे आम्हांला वाटते.

शब्दांचा प्रश्नही येथेच विचारात घेऊ. तंत्राचे शब्द मराठीत नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि ती अर्धवट खरी आहे. ‘बिनतारी’ हा शब्द मराठी पोलीस खात्यात कित्येक वर्षे वावरतो आहे. वाय-फायसाठी तो नव्याने घडवावा लागत नाही. कळफलक, संकेतस्थळ, जोडणी हे शब्द रुळलेले आहेत. राउटर, लॅपटॉप, फायबर हे शब्द तसेच राहू द्यावेत. टेबल आणि कपबशी जशी आपली झाली तसे तेही होतील. शब्द घडवण्याची आपली परंपरा महाराष्ट्रापुरती मर्यादित नव्हती, हेही विसरू नये. शिवकाळातील राज्यव्यवहारकोश आपण अभिमानाने सांगतो; पण बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत १९३१ साली कारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश निघाला आणि त्यात मराठीला मानाचे स्थान होते. तो आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर झाला. मग एका पानाची बिनतारी जोडणीची मराठी सूचनापत्रिका बेळगावात, इंदुरात किंवा हैदराबादेत का होऊ नये?

तीच आमची मागणी आहे आणि ती दोन ठिकाणी आहे. सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे : जेथे मराठी ग्राहक आहेत तेथे जोडणीबरोबर मराठी पत्रक द्यावे आणि तक्रारीच्या दूरध्वनीवर मराठी बोलणारा माणूस असावा. आपण पैसे मोजतो, तेव्हा ही याचना नव्हे. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने प्राथमिक शिक्षणापुरती मातृभाषेची सोय सांगितली आहे. घरातील या पेटीला असे कोणतेही कलम नाही, म्हणून येथे ग्राहकाचा आग्रह हेच आपले साधन.

दुसरी मागणी आपल्याच मंडळांकडे, वाचनालयांकडे आणि मराठी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांकडे. प्रत्येक गावात ही जोडणी जाणणारे दोन-चार तरुण असतात. त्यांनी वर सांगितलेल्या पायऱ्या आपल्या बोलीत एका पानावर लिहाव्यात, वाचनालयाच्या फलकावर लावाव्यात, आणि गल्लीत नवी पेटी बसली की कंपनीचा माणूस गेल्यावर अर्धा तास त्या घरी जाऊन यावे. भाषा जोडून द्यावी, कळफलक दाखवावा आणि घरातील सर्वांत वडील माणसाला आपले नाव देवनागरीत टंकायला लावावे. या कामाला वर्गणी लागत नाही, पोलिसांची परवानगी लागत नाही. पुढची पेटी ज्या गल्लीत बसेल तेथपासून ते सुरू करता येईल.