गिऱ्हाईक नव्हे, प्रेक्षक!

जुलै २०२४ मध्ये बंगळूर शहरात घडलेली एक घटना देशभरच्या वृत्तपत्रांत गाजली. हावेरी जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी मुलासोबत चित्रपट पाहावयास मागडी रस्त्यावरील एका मॉलमध्ये गेला असता, त्याने धोतर नेसले आहे एवढ्याच कारणावरून त्याला दारात अडविण्यात आले. शेतकरी व कन्नड संघटनांनी मॉलसमोर निदर्शने केली, विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, आणि तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा राज्य सरकारला करावी लागली. व्यवस्थापनाने क्षमा मागितली, वृद्धाचा सत्कार केला, आणि प्रकरण मिटले असे मानले गेले.

प्रकरण मिटले; प्रश्न मिटला नाही. त्या दारात अपमान झाला तो एका वृद्धाच्या वस्त्राचा, हे खरेच. पण चित्रपट पाहण्याचा आणि पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत देण्याचा अधिकार कोणाचा, हेही त्याच दारात ठरविले जात होते. ज्याच्याजवळ पैसा आहे, ज्याचा पोशाख शोभिवंत आहे, तो आत, बाकीचे बाहेर. चित्रपटाचा धंदा ज्यांच्या हाती एकवटला आहे त्यांना प्रेक्षक नकोच आहे. त्यांना गिऱ्हाईक हवे आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते आणि निघून जाते. प्रेक्षक मात्र बाहेर आल्यावर बोलू लागतो, आणि या बोलण्याचीच धंद्याला व सत्तेला धास्ती वाटते.

ही धास्ती निराधार नाही. बंगळूरनेच तिचा पुरावा अर्ध्या शतकापूर्वी दिला आहे. म्हैसूरच्या एम. एस. सथ्यू यांनी दिग्दर्शित केलेला ‘गर्म हवा’ हा चित्रपट जातीय तणाव निर्माण होईल या सबबीखाली सेन्सॉरमध्ये कित्येक महिने अडकून पडला होता. फाळणीनंतर आग्र्यातच राहू इच्छिणाऱ्या, जोडे तयार करणाऱ्या एका मुसलमान कारखानदाराच्या कुटुंबाची ती कथा. इस्मत चुगताईंच्या कथेवरून कैफी आझमी व शमा झैदी यांनी ती पडद्यासाठी लिहिली. प्रमुख भूमिका बलराज साहनींची. आवाजमुद्रणाचे काम आटोपताच एप्रिल १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. हा चित्रपट पडद्यावर पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. इप्टाच्या परंपरेत वाढलेल्या कलावंतांनी तुटपुंज्या भांडवलावर उभी केलेली ही कलाकृती अखेर १९७४ साली बंगळूरच्या ‘सागर’ व ‘संगीत’ या दोन चित्रपटगृहांत प्रथम झळकली. शासनाला दंगलीची भीती होती, वितरकांना नुकसानीची. प्रत्यक्षात दंगल झाली नाही. लोकांनी चित्रपट पाहिला, त्याची चर्चा केली, इतरांना पाहावयास पाठविले, आणि त्या प्रतिसादानेच देशभरच्या प्रदर्शनाचा मार्ग मोकळा केला. मुंबईत शिवसेनेच्या विरोधाचे सावट पडले असता तेही हटले. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचे पारितोषिक त्याला पुढे मिळाले. पण त्याआधी दोन चित्रपटगृहांतील सामान्य प्रेक्षकांनी आपला निर्णय दिलेला होता. जनतेला काय पचेल हे परस्पर ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांना जनतेने दिलेले ते उत्तर होते.

बंगळूरमध्येच हे घडावे हा निव्वळ योगायोग नव्हे. चांगला चित्रपट पाहणारा, त्यावर वाद घालणारा एक वर्ग त्या शहरात त्या काळी आकार घेत होता. १९७१ साली ‘सुचित्रा’ ही फिल्म सोसायटी तेथे स्थापन झाली. बनशंकरी भागात तिची स्वतःची वास्तू उभी राहिली. त्या वास्तूची पायाभरणी सत्यजित राय यांच्या हस्ते झाली. याच सुमारास कन्नड चित्रपटाने नवी वाट धरली होती. पट्टाभिराम रेड्डी यांच्या ‘संस्कार’वर प्रथम बंदी घालण्यात आली, कारण त्याने अग्रहारातील कर्मठपणाचे वाभाडे काढले होते, त्याच चित्रपटाला १९७० चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. जमिनीचा तुकडा कसण्याचा हक्क नाकारल्या गेलेल्या अस्पृश्य वेठबिगाराची कथा सांगणाऱ्या ब. व. कारंत यांच्या ‘चोमन दुडी’ने १९७५ चा, तर गिरीश कासरवळ्ळी यांच्या ‘घटश्राद्ध’ने १९७७ चा तोच मान मिळविला. आठ वर्षांत तीन वेळा एका भाषेने देशात पहिले यावे, हे केवळ दिग्दर्शकांच्या प्रतिभेने होत नसते. त्यामागे कथाकादंबऱ्यांतून चाललेला विचारांचा संघर्ष असतो, रंगभूमी असते, आणि पडदा मिटल्यावर लगेच घरी न जाता खुर्च्या ओढून वाद घालणारा प्रेक्षकही असतो.

मराठी वाचकाला ही कहाणी परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ साली स्थापन झाले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेले आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेले ‘सामना’ व ‘सिंहासन’ हे चित्रपट साखरसम्राटांच्या व मंत्रालयाच्या राजकारणावर गावोगाव चर्चा घडवून गेले. कासरवळ्ळी शिकले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. त्याच संस्थेचे संचालकपद भूषविलेले गिरीश कर्नाड माथेरानला जन्मले आणि ‘उंबरठा’त (१९८२) स्मिता पाटील यांच्यासोबत उभे राहिले. बंगळूरच्या एका मराठी कुटुंबातला, शहराच्या बसगाडीत तिकिटे फाडणारा तरुण कामगार पुढे रजनीकांत या नावाने तमिळ पडद्यावर गेला. ‘सैराट’ (२०१६) वर्षभरात कन्नडमध्ये नव्याने चित्रित झाला, कारण जातीच्या नावाने होणारे खून सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात. भाषांच्या भिंती राजकारणी बांधतात. चित्रपट आणि त्याचा प्रेक्षक त्या ओलांडत आलेले आहेत.

तथापि फिल्म सोसायटी चळवळीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ साली आणि देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली स्थापन झाला. या चळवळीने देशाला जगाचा चित्रपट दाखविला, सेन्सॉरची कात्री न लागलेला दाखविला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण वर्गणी भरू शकणाऱ्या, बहुधा इंग्रजीत बोलणाऱ्या मध्यमवर्गाच्या परिघाबाहेर ती क्वचितच पडली. एचएमटी, एचएएल, बीईएल, आयटीआय यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार त्याच शहरात होते. मॅजेस्टिक भागातील चित्रपटगृहे त्यांच्यामुळेच भरत होती. त्यांनाही मते होती. ती पाळी सुटल्यावर चहाच्या दुकानात बोलली गेली आणि तेथेच विरली. अपवाद घडला तो केरळात. जॉन अब्राहम व त्यांच्या ‘ओडेसा’ गटातील सहकाऱ्यांनी गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसा गोळा केला आणि त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) निर्माण केला. कष्टकरी प्रेक्षक केवळ मत देऊन थांबत नाही, वेळ आली तर निर्माताही होतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

आज या प्रेक्षकाचे तोंड तीन बाजूंनी बंद केले जात आहे.

पहिली बाजू पैशाची. एकपडदा चित्रपटगृहे पाडली जात आहेत. १९६८ साली सुरू झालेले बंगळूरचे भव्य ‘कपाली’ २०१७ साली जमीनदोस्त झाले. त्यांची जागा घेणाऱ्या मल्टिप्लेक्सचे दर ऐकून कामगाराने दारातूनच परतावे अशी स्थिती आहे. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाची कमाल मर्यादा करांव्यतिरिक्त २०० रुपये ठरविली. मल्टिप्लेक्स मालकांची संघटना तत्काळ न्यायालयात धावली, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने नियमाला अंतरिम स्थगिती दिली. ही मर्यादा लागू झाली असती तरी हिशेब काय होतो? १०० रुपयांवरील तिकिटास १८ टक्के जीएसटी. म्हणजे २०० चे तिकीट २३६ रुपयांना, आणि चौघांच्या कुटुंबाला ९४४ रुपये. त्यात बसभाडे नाही, मुलांचा खाऊ नाही. आणि एवढी मर्यादाही मालकांना असह्य वाटली! धोतर पाहून अडविणारा दारवान निदान डोळ्यांना दिसतो. दरफलक तेच काम निमूटपणे करतो.

दुसरी बाजू झुंडीची. जून २०२५ मध्ये एका तमिळ अभिनेत्याने कन्नड भाषेविषयी काढलेल्या उद्गारांवरून ‘ठग लाइफ’ हा त्याचा चित्रपट कर्नाटकात अडविण्यात आला. उद्गार अयोग्य असतील तर त्यांना उत्तर देण्यास कन्नड विद्वान समर्थ आहेत. पण सेन्सॉरने प्रमाणित केलेला चित्रपट प्रेक्षकाने पाहूच नये, हे ठरविण्याचा अधिकार धमकी देणाऱ्यांना कोणी दिला? प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट प्रदर्शित झालाच पाहिजे, जमावाच्या धाकाला कायद्याच्या राज्यात स्थान नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दडपता येणार नाही, हे तत्त्व त्याच न्यायालयाने १९८९ साली ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सांगून ठेवले होते. छत्तीस वर्षांनी तोच धडा पुन्हा द्यावा लागतो, यातच सरकारांची कचखाऊ वृत्ती दिसून येते. महाराष्ट्रातही या रोगाचा अनुभव कमी नाही.

तिसरी बाजू अधिक धूर्त आहे. आता मत देण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे, तेव्हा प्रेक्षक स्वतंत्र झाला, असे सांगितले जाते. साधन आले हे खरे. पण त्यावर हुकमत कोणाची? पैसे देऊन लिहवून घेतलेली स्तुती, ताऱ्यांच्या चाहत्यांच्या फौजा आणि विरोधी मत मांडणाऱ्यावर शिव्यांचा वर्षाव, यांत प्रामाणिक प्रेक्षकाचा आवाज बुडून जातो. चाहता आणि प्रेक्षक यांत भेद आहे. चाहत्याचा निर्णय चित्रपट पाहण्याआधीच झालेला असतो. प्रेक्षक पाहून निर्णय करतो. आणि जेव्हा हा प्रामाणिक आवाज धंद्याच्या आड येतो, तेव्हा मालकवर्ग काय मागतो? डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने, प्रदर्शनानंतरचे तीन दिवस परीक्षणांवर बंदी घालावी, अशी मागणी मद्रास उच्च न्यायालयात केली. न्यायालयाने ती बंदी घालण्यास नकार दिला. केरळात त्याच वर्षी उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने ४८ तास थांबण्याची शिफारस केली होती. पैसे उकळण्यासाठी खोटी निंदा करणारे आहेत, हे खरे. त्यांच्यासाठी कायदा आहे. पण पहिल्या तीन दिवसांत गल्ला भरून घ्यावा आणि फसलेल्याने शेजाऱ्याला सावधही करू नये, ही मागणी कोणत्या स्वातंत्र्यात बसते?

अशा परिस्थितीत केवळ हळहळ व्यक्त करून भागणार नाही. तिकीटदरावरील मर्यादेची लढाई ही करमणुकीची किरकोळ बाब समजून सोडून देता येणार नाही. भाकरीच्या लढाईपुढे चित्रपटाचे काय, असे म्हणणारे कार्यकर्ते हे विसरतात की कामगार कारखान्यातून थकून आला तरी त्याचे मन थकलेले नसते, आणि ते मन घडविण्याचे काम पडदा अहोरात्र करीत असतो. एकपडदा चित्रपटगृहांना संरक्षण, तालुक्याच्या ठिकाणी स्वस्त दराची सार्वजनिक चित्रपटगृहे, प्रमाणित चित्रपटाला पोलीस संरक्षण, या मागण्या कामगार, युवक व महिला संघटनांच्या कार्यक्रमात आल्या पाहिजेत.

त्याचबरोबर जे आजच करता येण्यासारखे आहे ते केले पाहिजे. युनियनची कचेरी आहे, ग्रंथालय आहे, वस्तीतील समाजमंदिर आहे. रीतसर परवानगी घेऊन तेथे महिन्यातून एक चित्रपट दाखविणे, आणि त्यानंतर तासभर लोकांच्या भाषेत चर्चा करणे, यास मोठ्या भांडवलाची गरज नाही. बंगळूर, हैदराबाद, सुरत, इंदूर येथील मराठी कष्टकऱ्यांनी शेजारच्या भाषेतील चित्रपट शेजाऱ्यांसह पाहावा. भाषिक द्वेषाला याहून परिणामकारक उतारा सापडणे कठीण.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. चर्चेच्या प्रारंभीच व्यासपीठावरून निकाल जाहीर करण्याची सवय अनेक कार्यकर्त्यांना जडलेली आहे. चित्रपट पुरोगामी की प्रतिगामी एवढे सांगितले की काम संपले, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चर्चेचा गळा घोटते. वक्त्याने ‘प्रतिगामी’ ठरविलेल्या चित्रपटात एखाद्या गिरणी कामगाराच्या विधवेला स्वतःचे दुःख दिसले असेल, आणि ‘पुरोगामी’ म्हणून वाखाणलेला चित्रपट एखाद्या तरुणाला कंटाळवाणा वाटला असेल. ती दोघे हे उघडपणे बोलू शकली पाहिजेत. आधी त्यांनी बोलावे, कार्यकर्त्याने ऐकावे. ज्या सभागृहात सामान्य श्रोता वक्त्याला ‘मला हे पटत नाही’ असे निर्भयपणे म्हणतो, तेथे गिऱ्हाइकाचा प्रेक्षक होतो. आणि पडद्यावरील नायकाला प्रश्न विचारण्यास शिकलेला प्रेक्षक पुढे गावच्या सरपंचाला, कारखान्याच्या मालकाला आणि दिल्लीच्या सत्ताधाऱ्यालाही प्रश्न विचारल्याखेरीज राहत नाही.