‘माणसाने संपविले’ म्हणजे कोणी?

दर वर्षी ७ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियात संकटग्रस्त जीवजातींचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो. १९३६ साली याच दिवशी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात टास्मानियाचा शेवटचा ज्ञात पट्टेरी वाघ मेला. वाघ हे केवळ नाव. वस्तुतः तो कांगारूप्रमाणे पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढविणारा प्राणी. त्याच्या अंताविषयी सभ्य मंडळी हळहळून म्हणतात, ‘माणसाने त्याला संपविले.’ या वाक्याला आमची सक्त हरकत आहे.

कोणत्या माणसाने? त्या बेटावर हजारो वर्षे माणूसही नांदत होता आणि वाघही. १८२५ साली लंडनच्या धनिकांनी राजाची सनद मिळवून व्हॅन डिमेन्स लँड कंपनी काढली. (ईस्ट इंडिया कंपनीची ही धाकटी बहीणच म्हणावी.) लोकरीसाठी मेंढ्या आल्या आणि १८३० मध्ये कंपनीने वाघाच्या मुडद्यावर इनाम लावले. त्याच वर्षी वसाहतीच्या गव्हर्नरने मूळ रहिवाशांना जिवंत पकडून आणणाऱ्यास प्रौढामागे पाच आणि मुलामागे दोन पौंड जाहीर केले. जमीन दोघांकडूनही मोकळी करून हवी होती.

पुढे १८८८ ते १९०९ या काळात खुद्द सरकारने प्रौढ वाघामागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग या दराने २,१८४ इनामे वाटली. मेंढ्या मोकाट कुत्र्यांनी मरत, चोरीला जात, हेळसांडीनेही दगावत. परंतु मेंढ्यांचे मालक विधिमंडळात बसत असत, आणि दोष वाघाच्या माथी मारणे सोयीचे होते. जिवंत वाघांची शिरगणती कोणी केली नाही. मोजले गेले ते मुडदे. संरक्षणाचा कायदा आला १० जुलै १९३६ रोजी, म्हणजे त्या शेवटच्या प्राण्याच्या मृत्यूपूर्वी अवघे ५९ दिवस!

येथवर आमचे वाचक माना डोलावतील. पुढचा भाग मात्र आपल्याच घरचा आहे.

१९२७ साली क्वीन्सलँडमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते. ग्रामीण भागात दुष्काळ होता, बेकारी होती. या सरकारने ऑगस्ट महिना कोआलाच्या शिकारीस खुला केला. वृत्तपत्रांतून आणि नागरिकांकडून निषेधाचा गदारोळ झाला, तरी निर्णय फिरला नाही. एका महिन्यात पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. त्यांची कातडी परदेशी फर-बाजाराची धन झाली. बेकारांना काम देणे हे मजूर सरकारचे कर्तव्यच होते, हे कोण नाकारील? पण ते काम सरकारने स्वतः उभे केले नाही; बेकारांना त्याने कातड्याच्या व्यापाऱ्याच्या दारी धाडले, तेही महिनाभराच्या मजुरीसाठी. याला श्रमिकांचे राजकारण म्हणावयास आम्ही तयार नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश येथील कोआला अधिकृतरीत्या ‘धोक्यात’ म्हणून नोंदला गेला. आता बंदुकीची गरज उरलेली नाही. क्वीन्सलँडमध्ये झाडी तुटते ती मुख्यतः गोमांसाच्या धंद्याला कुरणे हवीत म्हणून, आणि तिच्या समर्थनार्थ पुन्हा रोजगाराचेच नाव पुढे केले जाते. तेथील कामगार संघटनांनी आता झाडी तोडण्याची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक मालकाला जाहीरपणे विचारावे: या तोडीतून किती मजुरांना, किती दिवस, कोणत्या दराने काम मिळणार? आणि उत्तर लेखी घ्यावे.