डेडस्टॉक रजिस्टरातला पासवर्ड

बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, शाळांनी महिन्याभरात कॅमेरे लावावेत असा शासन निर्णय निघाला आणि कॅमेरे बसवणाऱ्या आपल्या लोकांना जेवायला फुरसत उरली नाही. त्या शाळेतलं पंधरा दिवसांचं फुटेज गायब असल्याचं तेव्हा खुद्द शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं होतं. तरी चर्चा झाली ती कॅमेरे किती याचीच.

परवा अंबरनाथच्या एका शाळेचं मागणीपत्र आलं. मेगापिक्सेल किती, डिस्क किती टीबी, केबल कोणती, सगळ्याला रकाने. बाहेरून कोण बघणार, कोणत्या वाटेने, याला नाही. तळाला मात्र अट: युझरनेम व पासवर्ड डेडस्टॉक रजिस्टरात नोंदवून प्रत कार्यालयास सादर करावी. बाकं, कपाटं, घंटा, आणि खालच्या ओळीत रूटचा पासवर्ड! विचारलं तर उत्तर मिळालं, "ऑडिटला दाखवावं लागतं." बदलायचा तर खाडाखोडीवर मुख्याध्यापकांची सही. मग बदलणार कोण?

साहेबांना हसून झालं असेल तर स्वतःकडे बघू. 9 एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची सक्ती आहे. तिथून तावूनसुलाखून आलेला कॅमेरा आपण साइटवर नेतो आणि राउटरवर 80, 554, वर 22 सुद्धा फॉरवर्ड करून मोकळे होतो. 2016 साली मिराई या मालवेअरने साठेक फॅक्टरी पासवर्डांच्या यादीवर लाखो डिव्हाइस धरली. बरेचसे आपल्यासारख्यांनीच लावलेले लिनक्सवाले डीव्हीआर आणि कॅमेरे. उल्हासनगर कॅम्प चारचे आपल्या संघटनेचे एक सभासद अभिमानाने सांगतात, "सगळ्या साइटला एकच पासवर्ड, विसरायची भानगड नाही." दुकानाचं नाव, पुढे 123. त्यांच्याकडून काम सोडून गेलेला पोरगा आजही घरी बसून शाळांचे वर्ग बघू शकतो, हे त्यांच्या गावी नाही.

म्हणून, मंडळी, या महिन्यात एवढं कराच. फॉरवर्ड केलेले पोर्ट आणि यूपीएनपी बंद. बाहेरून फक्त वायरगार्ड. लाइन सीजीनॅटची असेल तर मध्ये लहानसा व्हीपीएस घ्या. प्रत्येकाची की वेगळी. माणूस गेला की त्याचा पीअर त्याच दिवशी काढा. एसएसएचचं पासवर्ड लॉगिन बंद करा, पण चालू सेशन न सोडता दुसऱ्या टर्मिनलमधून कीने आत जाऊन बघा, नाहीतर भर पावसात पुन्हा बदलापूरची फेरी. रजिस्टरात लिहा: 'पासवर्ड सीलबंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या ताब्यात.'

आणि या कामाचे पैसे बिलात वेगळे लावा. मागणीपत्रात रकाना नसला तरी.