आधी घासा, मग रंगवा



सुतारकाम शिकू लागलेल्या मुलाच्या हाती बहुधा पाइनचे लाकूड येते. ते सागापेक्षा स्वस्त असते, वजनाला हलके असते आणि त्यावर रंधा सहज चालतो. या रंध्याला उर्दूतही आपण रंदाच म्हणतो. तो मुलगा पाइनच्या फळ्यांचे एक स्टूल बनवतो. स्टूल सुबक होते. आता सागवानी रंग दिला की काम संपले, असे त्याला वाटते. घाईघाईने तो रंग फासतो. थोड्याच वेळात फळीवर काळपट डाग उमटतात. मग तो म्हणतो, "लाकूडच वाईट!"

माझ्या मते लाकूड वाईट नसते. आपण त्याचा स्वभाव ओळखलेला नसतो.

पाइनची फळी नीट पाहा. तिच्यात फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक दिसतात. झाड हंगामाच्या सुरुवातीला भराभर वाढते, तेव्हा फिकट व मऊ लाकूड तयार होते. पुढे वाढ मंदावली की गडद व टणक लाकूड तयार होते. मऊ भाग रंग जास्त पितो, टणक भाग कमी पितो. गाठीजवळ रेषा वाकड्या होतात, तिथेही रंग कमीजास्त मुरतो. डाग पडण्याचे कारण हे आहे.

कारण कळले की उपायही सापडतो. प्रथम 80, मग 120 आणि शेवटी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने फळी घासावी. घासताना हात नेहमी रेषांच्या दिशेने चालवावा. नाकावर रुमाल बांधावा. भुसा पुसून काढल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या चपड्याचा एक पातळ हात द्यावा. त्यामुळे लाकडाची तहान थोडी भागते आणि रंग सारखा बसतो. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून जवळपास आग नको आणि खिडक्या उघड्या असाव्यात. रंग कापडाने लावावा व जास्तीचा लगेच पुसून घ्यावा. तो पूर्ण वाळल्यावरच पॉलिशचे दोनतीन पातळ हात द्यावेत.

या यादीत रंग लावण्याचे काम किती थोडे आहे, ते पाहा. बाकी सगळी तयारीच आहे. कारखान्यात नव्या मुलाला आधी पॉलिश पेपर देतात. त्याला वाटते, आपल्याला हलके काम दिले. पण घासताना राहिलेला एक ओरखडासुद्धा रंग दिल्यावर उठून दिसतो. ज्याच्यावर सगळ्या वस्तूचे रूप अवलंबून आहे, ते काम हलके कसे? उर्दूत आपण ज्याला हुनर म्हणतो, त्याला मराठीत हुन्नर म्हणतात. हा हुन्नर पुस्तकी ज्ञानापेक्षा कमी नाही. डाग का पडतो, हे समजून घेणारा कारागीर विज्ञानच शिकत असतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाइनला सागवानी रंग देण्यात काही गैर नाही. पण रंगवलेले पाइन साग म्हणून विकणे ही लबाडी आहे. गिऱ्हाइकाला खरे सांगावे. नीट घासलेले, नीट पॉलिश केलेले पाइन स्वतःच्या नावानेही शोभून दिसते.

माझे म्हणणे तुम्ही लगेच मान्य करू नका. पाइनचा एक टाकाऊ तुकडा घ्या. घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्याचा अर्धा भाग वर सांगितल्याप्रमाणे तयार करा, अर्धा तसाच ठेवा. मग दोन्ही भागांवर एकच रंग लावा. दुसऱ्या दिवशी तो तुकडा उजेडात धरा आणि दोष लाकडाचा होता की घाईचा, हे तुम्हीच ठरवा.