मौलवीने राजकारण करावे काय?

धर्मपंडित राजकारणात शिरला की धर्मही बुडतो आणि राजकारणही नासते, असे म्हणण्याचा आपल्या पेठांतून परिपाठ आहे. हे मत सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु सरसकट निवाडा देण्यापूर्वी मौलाना अबुल कलाम आझाद यांचे चरित्र पुढे ठेवावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, २००८ सालापासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. पण तसबिरीस हार घालण्यापलीकडे त्या चरित्रापासून काही घ्यावे असे किती जणांस वाटते?

१८८८ साली मक्केस जन्मलेल्या व कलकत्त्यास वाढलेल्या या पुरुषाचे अध्ययन जुन्या पद्धतीने घरीच झाले. वडील मौलाना खैरुद्दीन यांचा शिष्यपरिवार मोठा. गुरुपणाची गादी आयती चालून आली असता मुलाने ती नाकारली आणि १९१२ साली 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. १९१४ साली सरकारने त्याचा जामीन जप्त केला. पुढे १९१६ साली बंगालमधून हद्दपार होऊन मौलाना रांचीस गेले व तेथे १९१९ अखेरपर्यंत स्थानबद्ध राहिले.

यानंतरच्या खिलाफत प्रकरणाकडे डोळेझाक करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९२० साली हिजरतीस त्यांनी धर्मशास्त्राचा आधार दिला आणि अफगाणिस्तानच्या वाटेस लागलेल्या हजारो गरिबांची वाताहत झाली. ज्या खिलाफतीसाठी हा खटाटोप, ती १९२४ साली खुद्द तुर्कांनीच मोडीत काढली. धर्माच्या हाकेने जमविलेला समुदाय त्याच हाकेने उद्या फोडताही येतो, हा धोका तेव्हाच्या पुढाऱ्यांनी, हिंदू काय नि मुसलमान काय, पुरता ओळखला नाही.

तथापि मौलाना तेथेच अडकून पडले नाहीत. 'तर्जुमानुल कुराण' या भाष्यात त्यांनी असे प्रतिपादिले की, सर्व धर्मांचे मूळ तत्त्व एकच असून भेद आहेत ते आचारांचे. याच पायावर त्यांचे राष्ट्रीयत्व उभे होते. मार्च १९४० मध्ये रामगड येथे काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून, आपण मुसलमान आहो आणि अविभाज्य हिंदी राष्ट्राचे घटकही आहो, या दोहोंचा अभिमान त्यांनी एका श्वासात सांगितला. त्याच महिन्यात मुस्लिम लीगने लाहोरास वेगळ्या राज्यांचा ठराव केला! फाळणीस विरोध करणारा हा पंडित होता व ती घडवून आणणारे जिना हे बॅरिस्टर होते, हे 'मौलवी नको' म्हणणारांनी विसरू नये.

ऑगस्ट १९४२ पासून ते आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी कलकत्त्यास निवर्तली. तिच्या आजारातही सुटकेसाठी त्यांनी सरकारपुढे हात पसरले नाहीत. १९४७ पासून १९५८ साली मृत्यू येईतो ते स्वतंत्र हिंदुस्थानचे शिक्षणमंत्री होते. खरगपूरची तंत्रविद्येची संस्था, विद्यापीठ अनुदान मंडळ, साहित्य अकादमी ही त्याच कारकिर्दीतील कामे होत.

कोल्हापूरकरांस यात परके असे काय आहे? शाहू महाराजांनी १९०६ साली येथे मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह स्थापिले आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. म्हणून शास्त्री असो वा मौलवी, जो मते मागण्यास दारी येईल त्यास दोनच गोष्टी विचाराव्या: तुमच्या विद्येने शेजारी शेजाऱ्याजवळ येतो काय? आणि तुमच्या मोहल्ल्यातील, तुमच्या आळीतील मुली शाळेत टिकाव्या म्हणून तुम्ही काय केले? उत्तर समाधानकारक मिळाल्यास त्याच्या दाढीकडे वा शेंडीकडे पाहण्याचे कारण नाही. न मिळाल्यास त्याच्या पांडित्यास दुरून नमस्कार करावा आणि मत दुसऱ्यास द्यावे.